पर्व आणि पेर

दूरचित्रवाणीवरील मालिकेच्या नव्या आवर्तनाला मराठी वाहिन्यांनी ‘पर्व’ हा शब्द दिला. ‘सीझन’ या इंग्रजी शब्दात ऋतूचा अर्थ आहे. ऋतू जातो, परत येतो, आणि मागच्या ऋतूचे स्मरण ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते. ‘पर्व’ या शब्दाचा मूळ अर्थ मात्र सांधा किंवा गाठ असा आहे. उसाचे, बोटाचे, बांबूचे ‘पेर’ त्याच कुळातले. भामरागडच्या रानात बांबूची तोड ज्याने पाहिली आहे त्याला पेराचा गुणधर्म वेगळा सांगावा लागत नाही. दोन गाठींमधला भाग पोकळ असतो, भरीवपणा असतो तो गाठीत. बांबूचा कोंब जमिनीतून वर येतो तो आपली जाडी ठरवूनच. पुढे पेरे लांबतात, वर चढतात, परंतु वरचे पेर खालच्यापेक्षा जाड झाले असे घडत नाही. मालिकांच्या उत्तरोत्तर पर्वांविषयी जे सर्वसाधारण मत प्रचलित आहे (पहिले पर्व सकस, दुसरे बरे, तिसरे झाले नसते तर अधिक बरे) ते या बांबूच्या न्यायावर उभे आहे. कथेची जाडी आरंभीच ठरते आणि पुढची पर्वे ती खर्ची घालतात, असे त्यात गृहीत धरलेले असते.

अनुभवाच्या पातळीवर या मताला पुष्कळ आधार सापडतो. तरीही ते कथनाविषयीच्या एका चुकीच्या कल्पनेतून आले आहे. वनस्पतीत वरचे पेर खालच्या पेरात बदल करू शकत नाही. कथनात करू शकते. महाभारताच्या अकराव्या पर्वाकडे, स्त्रीपर्वाकडे, या दृष्टीने पाहता येईल. युद्ध संपले आहे, सौप्तिकातला संहारही उरकला आहे. कथानकाच्या हिशेबाने येथे घडण्यासारखे फारसे शिल्लक नाही. आणि नेमके येथेच कुंती कर्णाचे नाव उच्चारते. त्या एका उच्चाराने युद्धपर्वांतला कोणताही प्रसंग बदलत नाही, पण युधिष्ठिराच्या दृष्टीने त्यांतला एकही प्रसंग पूर्वीसारखा राहत नाही. जिंकलेले युद्ध हे भावाच्या हत्येचे युद्ध ठरते. उत्तरपर्वाचे हे कार्य ‘पुढे काय झाले’ या प्रश्नात बसत नाही. ते ‘आधी जे झाले ते काय होते’ या प्रश्नाचे कार्य आहे. उत्तरभाग चढतो की उतरतो, याचा निवाडा भागांच्या संख्येवरून किंवा कथानकाच्या लांबीवरून न करता या दुसऱ्या प्रश्नावरून केला, तर पुष्कळसा गोंधळ दूर होण्यासारखा आहे.

उंबेर्तो एको यांनी १९८५ मधील आपल्या निबंधात पुनरावृत्तीच्या रूपांचे वर्गीकरण करताना यशस्वी पात्रांना पुढच्या गोष्टीसाठी पुन्हा कामाला लावणे, ठरीव परिस्थिती व ठरीव मुख्य पात्र यांच्याभोवती फिरणारी मालिका, आणि काळाबरोबर वृद्ध होत जाणारी वंशकथा असे भेद केले आहेत. मराठीत या भेदांची उदाहरणे सहज मिळतात. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाला काळ लागू नाही असे नाही, पण त्याच्या फजितीला शेवट नाही. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ या शीर्षकातच वळत जाणाऱ्या दोरखंडाची थट्टा आहे आणि ‘आणखी चिमणराव’ या शीर्षकात तर वाचकाच्या मागणीचा शब्दच उचललेला आहे. येथे उत्तरभागाने पूर्वभागाचा अर्थ बदलावा अशी अपेक्षाच नाही. गुंड्याभाऊ दारात उभा राहिला की पुरे. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी दूरदर्शनवर ही पात्रे उभी केली तेव्हाही हाच करार कायम राहिला. अशा मालिकेत उतरण संभवते ती केवळ लेखकाच्या थकव्याची. भालचंद्र नेमाडे यांचे ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ हे चांगदेव चतुष्टय अधिक अडचणीत टाकणारे आहे. तेथे चांगदेव गाव बदलतो, महाविद्यालय बदलतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच प्रकारच्या माणसांना त्याच प्रकारे कंटाळतो. साचलेपणा हाच आशय असल्यामुळे पुनरावृत्तीचा दोष तेथे दोष म्हणून दाखवणे कठीण होते. तरीसुद्धा ‘झूल’पर्यंत आलेल्या वाचकाला ‘बिढार’मधली मुंबई वेगळी दिसू लागते, तेथल्या तरुणांचे वाङ्मयीन मनसुबे पुढच्या तीन गावांच्या उजेडात केविलवाणे आणि हवेहवेसे असे दोन्ही वाटतात. मागे जाणारा हा अर्थप्रवाह चतुष्टयाला बांधून ठेवतो.

दैनंदिन मालिकेचा विचार येथे थोडक्यात उरकता येईल, कारण तिला पर्वेच नसतात. दूरदर्शनच्या काळात तेरा भागांची मंजुरी हे एक प्रशासकीय बंधन होते. त्याबद्दल लेखकांनी कुरकूर केली असेल, पण त्या बंधनाने कथेला गाठी पडत. खाजगी वाहिन्यांवर साप्ताहिक टीआरपीने तेराव्या भागाची जागा घेतली आणि गाठ नाहीशी झाली. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ मध्ये सुरू झाली आणि तीन हजारांहून अधिक भाग चालली. ज्या म्हणीवरून तिचे नाव घेतले त्या म्हणीत दुसरे पर्व अंतर्भूत आहे: पुढचे चार दिवस सुनेचे असतात. म्हणीचा सारा जोर त्या पालटावर आहे. मालिकेने अर्धी म्हण शीर्षकात घेतली आणि दशकाहून अधिक काळ ती ताणली. पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की पावसाळ्यात भामरागडचा आलापल्लीशी असलेला रस्ता वर्षानुवर्षे तुटत आला आहे. अशा वेळी वीज आणि प्रक्षेपण दोन्ही गमावलेला एखादा प्रेक्षक आठवड्याने पडद्यासमोर बसला, तरी त्याचे काही चुकलेले नसावे अशाच बेताने दैनंदिन भाग लिहिलेला असतो. चुकले तरी चालेल अशी कथा ही सोय म्हणून ठीक आहे. परंतु जे चुकले तरी चालते ते पुढे कधी अर्थपूर्णही ठरू शकत नाही. पुढच्या भागाला ज्याचा अर्थ बदलता येईल असे मागे काही पडलेलेच नसते.

म्हणून पर्वांच्या चढउताराची मराठीतील खरी परीक्षा ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेत पाहावी लागते. झी मराठीवर तिचे पहिले पर्व २०१६ मध्ये फेब्रुवारी ते ऑक्टोबर असे झाले. दुसरे जानेवारी २०१९ मध्ये सुरू होऊन ऑगस्ट २०२० मध्ये संपले आणि तिसरे मार्च २०२१ मध्ये आले. पहिल्या पर्वाचा आरंभ अण्णा नाईक यांच्या मृत्यूने होतो. कोकणातला वाडा, तेराव्याच्या निमित्ताने गोळा झालेली मुलेसुना, मालवणी बोलणारे घर आणि त्या घरात ठाण मांडून बसलेले भय, असा त्याचा व्यूह आहे. रोलाँ बार्थ यांनी ज्याला कथनातील कोड्याचा संकेत म्हटले, त्यावर हे पर्व जवळजवळ संपूर्णपणे उभे आहे: कोण करते आहे, का करते आहे, माणूस की भूत. अंधश्रद्धेला खतपाणी घातल्याचा आणि कोकणाचे विकृत चित्र उभे केल्याचा आक्षेप मालिकेवर घेतला गेला. तो आक्षेप सर्वस्वी अनाठायी नव्हता; भय हे येथे प्रदेशाचे लक्षण म्हणून येते, एका घराच्या इतिहासाचा परिणाम म्हणून ते पुरेसे सिद्ध होत नाही. कोड्यावर उभ्या असलेल्या कथेची मर्यादा हीच की उत्तर मिळाले की कथा संपते आणि पुन्हा पाहण्याची गरज उरत नाही.

दुसरे पर्व काळात मागे गेले. अण्णा आता जिवंत आहेत, माधव अभ्यंकर यांनी त्यांना देह दिला आहे. शेवंता आहे, पाटणकरांचा संसार आहे, माई विधवा नसून पत्नी आहे. हा माणूस मरणार आहे आणि मेल्यानंतर त्याच्या घराचे काय होणार आहे, हे प्रेक्षकाला पहिल्या पर्वापासून ठाऊक आहे. सामान्य समजुतीनुसार याने उत्कंठा मारली जायला हवी होती. घडले उलटे. ‘पुढे काय’ हा प्रश्न बाद झाल्याबरोबर ‘कसे’ आणि ‘कोणाच्या संमतीने’ हे प्रश्न मोकळे झाले. अण्णांची जमिनीची हाव, बायकांवरची हुकमत, खून पचवण्याची त्यांची सहजता या गोष्टी घरात सर्वांना थोड्याथोड्या ठाऊक होत्या आणि त्या थोड्याथोड्या ठाऊक असण्यावरच वाड्याचा कारभार चालत होता, हे या पर्वात दिसू लागते. शकुंतला नरे यांनी साकारलेली माई पहिल्या पर्वात मायाळू, घाबरलेली वृद्धा आहे. दुसरे पर्व पाहिल्यावर तिच्या त्या भीतीचा पोत बदलतो. तिने काय काय पाहून न पाहिल्यासारखे केले याची यादी प्रेक्षकाजवळ असते. पहिल्या पर्वातले भूत दुसऱ्या पर्वाने घरात राहणारा माणूस करून दाखवले. ज्या दशावताराच्या प्रदेशात ही मालिका घडते तेथल्या प्रेक्षकाला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. आख्यानाचा शेवट माहीत असतो म्हणूनच तो पहाटेपर्यंत बसतो.

या पर्वाचे यश मात्र निर्भेळ नाही, आणि तिसऱ्या पर्वाची घसरण त्या यशाच्या भेसळीतच सुरू होते. देह मिळालेला अण्णा आवडू लागला. त्याची शिवी, त्याची चाल, शेवंतेशी त्याचे बोलणे यांचे स्वतंत्र आयुष्य सुरू झाले आणि अत्याचारी माणूस करमणुकीचे पात्र बनला. वाहिनीने प्रेक्षकाच्या मागणीचे ‘आणखी अण्णा’ असे वाचन केले असावे, आणि कथेला ते शक्य नव्हते, कारण कथेत अण्णा मेला होता. तेव्हा तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता मृतात्मे म्हणून वावरू लागले. मधेच शेवंतेची भूमिका करणारी अभिनेत्रीही बदलली. येथे मृताचे परत येणे हे कशासाठी, या प्रश्नाला कथेच्या आतून उत्तर नाही. पहिल्या पर्वात भुताविषयी शंका होती, दुसऱ्या पर्वाने त्या शंकेला इतिहास दिला. तिसऱ्याने शंकाही मिटवली आणि इतिहासही वापरला नाही. भूत आहे, दिसते, बोलते, आणि उद्याही येणार आहे. फ्रँक करमोड यांनी १९६७ मधील आपल्या ग्रंथात शेवटाच्या जाणिवेमुळे मधल्या काळाला अर्थ येतो असे प्रतिपादन केले; मृत्यूनंतरही कामावर हजर राहणाऱ्या पात्राच्या बाबतीत हा मधला काळच शिल्लक उरत नाही.

मृत नायकाने परत यावे की नाही, हा प्रश्न दूरचित्रवाणीने निर्माण केलेला नाही. ज्या गोंड समाजाची माडिया ही भामरागडकडची शाखा, त्या समाजाच्या लिंगोकथेत तो मध्यवर्ती आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून उतरवून घेतलेले लिंगोगीत त्यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्या पाठावर महादेव-पार्वतीच्या कथांचा दाट लेप आहे आणि इंद्रावतीच्या दोन्ही तीरांवर सांगितला जाणारा, घोटुलाशी निगडित लिंगो त्याहून निराळा आहे, हे लक्षात ठेवूनच त्याचा उपयोग करावा लागतो. तरी रचनेचा मुद्दा त्या पाठातूनही स्पष्ट होतो. गीत भागांत सांगितले आहे. एका भागात गोंड गुहेत कोंडले जातात. चौघे तेवढे निसटतात. पुढच्या भागात लिंगो जन्मतो, त्या चौघांचा भाऊ होऊन राहतो, त्यांना शेती आणि विस्तव यांची रीत शिकवतो, आणि त्यांच्या बायकांनी केलेल्या खोट्या आरोपावरून त्याच भावांकडून मारला जातो. त्यानंतरच्या भागात तो जिवंत केला जातो. एवढ्यावर थांबले असते तर हेही एक तिसरे पर्व ठरले असते. पण उठलेला लिंगो भावांवर सूड घेत नाही आणि त्यांच्यात पुन्हा नांदायलाही जात नाही. गुहेत राहून गेलेल्यांची त्याला आठवण आहे. श्रोत्यांनी दोन भागांपूर्वी ज्यांना मागे टाकले, कथेच्या ओघात ज्यांचा विसरही पडला असेल, त्यांच्या सुटकेसाठी तो निघतो. त्याच्या पुनरुज्जीवनाचे कारण कथेच्या आरंभी ठेवलेले होते. गुहेचे दार उघडते तेव्हा पहिला भागही नव्याने कळतो. तो निसटलेल्या चौघांचा भाग नव्हता, आत राहिलेल्यांचा होता.

मराठी वाहिन्यांच्या नकाशात भामरागड जवळजवळ नाही. २०२० मधील ‘नक्षलबारी’ या हिंदी वेबमालिकेने गडचिरोलीची पार्श्वभूमी घेतली, पण तिला तो प्रदेश पाठलाग आणि चकमक यांसाठीच हवा होता. तथापि भामरागडची एक मालिका मराठीत अर्धशतकाच्या आसपास चालू आहे. ती पडद्याऐवजी पुस्तकांत, व्याख्यानांत आणि पुढे चित्रपटात घडली एवढेच. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे यांनी तो चालवला, ही या मालिकेची मूळ कथा. तिचे विलास मनोहर यांनी ‘नेगल’मध्ये आणि ‘नेगल : भाग २ – हेमलकसाचे सांगाती’मध्ये केलेले कथन, डॉ. आमटे यांचे ‘प्रकाशवाटा’ (२००९) हे आत्मकथन आणि ‘रानमित्र’ (२०१३), आणि समृद्धी पोरे यांचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हीरो’ (२०१४) हा चित्रपट ही त्याची पर्वे मानायला हरकत नाही. २००८ मध्ये आमटे दांपत्याला मिळालेल्या मॅगसेसे पुरस्काराने या मालिकेचा प्रेक्षकवर्ग वाढला, हेही खरे.

या मालिकेत वारंवार येणारा एक प्रसंग आहे. शिकारीहून परतणाऱ्या माडियांनी काठीला बांधून आणलेली मेलेली माकडीण आणि तिला बिलगलेले जिवंत पिलू. डॉक्टर ते पिलू धान्याच्या बदल्यात मागून घेतात आणि प्राण्यांच्या अनाथालयाचा आरंभ होतो. व्याख्यानांतून, पुस्तकांतून, पडद्यावर हा प्रसंग इतक्यांदा सांगितला गेला आहे की त्याचा आता आरंभकथेसारखा मान आहे. त्यातली करुणा अस्सल आहे आणि तिच्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र प्रसंगात आणखी एक बाजू आहे, आणि प्रत्येक पुनर्कथनात ती त्याच जागी उभी राहते: काठी खांद्यावर घेतलेली माणसे. त्यांनी माकड का मारले, याचे उत्तर सर्व कथनांत दिलेले आहे, भूक. डॉ. आमटे यांनीही ती भूक कधी लपवलेली नाही. तरीही कथा पिलाबरोबर डॉक्टरांच्या अंगणात जाते, तेथे बिबटे, अस्वले, साप यांच्याबरोबर वाढते, आणि ती माणसे धान्य घेऊन चौकटीबाहेर निघून जातात. पुढच्या प्रत्येक पर्वात अंगण मोठे होते. ‘नेगल’च्या दुसऱ्या भागाला ‘सांगाती’ हा शब्द दिला आहे, आणि तो शब्द वनस्पतींपासून प्राण्यांपर्यंत कोणालाही सामावून घेईल इतका विस्तीर्ण आहे. वाचक तो भाग आनंदाने वाचतो, कारण पहिल्या भागातली माया तेथे पुन्हा भेटते. चिमणरावाच्या वाचकाला मिळतो तोच हा आनंद, आणि त्याची प्रतही हलकी नाही. परंतु ‘भाग २’ने ‘भाग १’चे काही बदलत नाही.

ते बदलणारे पुस्तक त्याच लेखकाचे आहे आणि त्याच्या मुखपृष्ठावर कोणताही भागक्रमांक नाही. विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी १९९२ मध्ये ग्रंथालीने प्रसिद्ध केली. प्रकाशनाचा क्रम काहीही असो, वाचनाच्या क्रमात ती ‘नेगल’चे उत्तरपर्व आहे. येथे कथा काठी खांद्यावर घेतलेल्या माणसाबरोबर चालते. तो घरी जातो. घरी वनखाते येते, व्यापारी येतो, पोलीस येतात, आणि रानातून येणारे ‘दादा’ही येतात. प्रत्येक जण त्याला काहीतरी द्यायला किंवा त्याच्याकडून काहीतरी घ्यायला आलेला असतो. त्याला काय हवे हे विचारण्याइतका वेळ कोणाजवळ नसतो. या कादंबरीच्या बाजूने पाहिले असता माकडिणीच्या प्रसंगातील धान्याचा व्यवहार निराळा दिसतो. त्यातली करुणा कमी होत नाही, पण तो त्या माणसाच्या आयुष्यातला एक न्याय्य व्यवहार ठरतो, आणि असे व्यवहार किती विरळ होते याची जाणीव तो प्रसंग पहिल्यांदा वाचताना झालेली नसते.

‘रात्रीस खेळ चाले’च्या दुसऱ्या पर्वाशी या कादंबरीचे रचनेच्या अंगाने आश्चर्यकारक साम्य आहे. शेवट शीर्षकातच सांगून टाकलेला आहे. हा माडिया तरुण नक्षलवादी होणार, हे पहिले पान उघडण्यापूर्वीच ठाऊक असल्यामुळे वाचक कोड्यातून मोकळा होतो आणि एकेका अपमानाकडे तो पाऊल म्हणून पाहू लागतो. जंगलातल्या लाकडासाठी भरलेला दंड, पोलिसांची चौकशी, दोन बाजूंमध्ये सापडलेल्या गावाची कोंडी यांपैकी कोणतीही गोष्ट एकटीने निर्णायक नाही. चांगल्या वकिलाला तर त्यांतली प्रत्येक गोष्ट किरकोळ सिद्ध करता येईल. त्यांची बेरीज मात्र शीर्षकात लिहिलेली आहे. कादंबरी सर्वत्र सारखी उतरली आहे असे नाही. कार्यकर्त्याच्या अहवालाची भाषा निवेदनात अधूनमधून डोके वर काढते, काही ठिकाणी पात्राने स्वतः समजून घ्यायच्या आधीच निवेदक त्याला शोषणाचे गणित समजावतो. माडिया ही द्राविड कुळातली भाषा बोलणाऱ्या माणसाचे मन मराठीत लिहिताना जी अडचण येते तिचे पूर्ण निरसन येथे झालेले नाही. तो मनातल्या मनात फार व्यवस्थित मराठी बोलतो. हे सर्व मान्य करूनही म्हणावे लागते की हेमलकशाच्या मालिकेत गुहेकडे परत फिरलेले पर्व ते हेच. हिस्लॉपच्या पाठातील लिंगोला जे आठवले ते येथे लेखकाला आठवले आहे.

यावर असा आक्षेप शक्य आहे की एका लेखकाची सेवाकथा आणि त्याचीच राजकीय कादंबरी यांना एका मालिकेची पर्वे म्हणणे ही समीक्षकाने ओढूनताणून केलेली जुळवणी आहे. दूरचित्रवाणीच्या मालिकेत पात्रे, नट, वाडा सारे तेच असते. आक्षेपात तथ्य आहे, पण तो मालिकेची व्याख्या निर्मात्याच्या बाजूने करतो. ‘अग्गंबाई सासूबाई’नंतर २०२१ मध्ये ‘अग्गंबाई सूनबाई’ आली तेव्हा घराणे तेच, पात्रांची नावे तीच होती. शुभ्रेची भूमिका करणारी अभिनेत्री आणि त्या पात्राचा स्वभाव ही दोन्ही मात्र बदलली होती. नावाने जे एक होते ते अर्थाने एक राहिले नाही. उलट ‘नेगल’ आणि ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ यांच्यात एकही नाव समान नसते तरी पर्लकोटेचे पाणी, रान, भूक आणि दवाखान्याकडे येणारी वाट समान आहे. भूमी समान असलेल्या दोन संहितांना एकमेकींचा अर्थ बदलण्याचा अधिकार असतो. ‘रात्रीस खेळ चाले’तही टिकून राहिला तो वाडाच.

२०१४ च्या चित्रपटात या दृष्टीने पाहता उतरण आहे, आणि ती नाना पाटेकर किंवा सोनाली कुलकर्णी यांच्या अभिनयाची नाही. चित्रपटाने शीर्षकातच नायक निश्चित केला. नक्षलवादी, पोलीस, रुग्ण, बिबट्या हे सर्व मग त्या नायकाच्या कसोटीची निमित्ते होतात. एकाच प्रदेशात घडणाऱ्या कथेची दोन शीर्षके शेजारी ठेवून पाहावीत: एकात ‘एका’ हे अनिश्चित विशेषण आहे, दुसऱ्यात ‘द’ हे निश्चित उपपद. पहिल्या शीर्षकातला माणूस कोणीही असू शकतो. दुसऱ्यातला एकच असतो आणि त्याच्याभोवतीचे सगळे इतर होतात. मालिकेचा प्रेक्षक वाढला की तिचे नायक कमी होतात, हा अनुभव दैनंदिन मालिकांतही येतो. अण्णांची लोकप्रियता वाढली तसतशी माई मागे सरकली, हे त्याचेच रूप.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवादी पक्षाचे ज्येष्ठ नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यांनी साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. १९९२ च्या कादंबरीचे शीर्षक ज्या शेवटाकडे बोट दाखवीत होते त्याच्याही पुढे काळ गेला आहे, आणि ‘जन्म’ हा शब्द तसाही पुढचा भाग मागणारा आहे. तो भाग आता लिहिला जाईल. चित्रपटांना आणि वेबमालिकांना शरणागतीचा प्रसंग फार काळ दुर्लक्षिता येणार नाही. त्यात शस्त्रे टाकणाऱ्यांची रांग असेल, छायाचित्रे असतील, पुनर्वसनाची रक्कम असेल. रांगेतला एखादा माडिया तरुण गावी परतेल, त्या घरी, जेथे वनखाते, व्यापारी आणि पोलीस येऊन गेले होते. कॅमेरा त्याच्याबरोबर तेथपर्यंत जातो की जिल्ह्याच्या ठिकाणी व्यासपीठासमोरच थांबतो, यावर मनोहरांच्या कादंबरीतले ते दंड आणि त्या चौकश्या पुढच्या वाचकाला किती जाड वाटतील हे अवलंबून राहील. लिंगोगीतातल्या गुहेचे दार दगडाचे होते. ते बाहेरून उघडले गेले, पण आत किती जण आहेत हे आधी माहीत असावे लागले.